शुक्रवारची रजा

अकोल्याच्या जुन्या शहरात मामेबहिणीच्या लग्नासाठी बांगड्या घेताना जुईलीच्या कानांवर शेजारच्या साडीच्या दुकानातून आवाज आला —

"भाऊ, जरा बरोबर भाव सांगा नं!"

बांगडी मनगटावर अर्धीच राहिली. हा आवाज ती रोज सकाळी ऐकत होती! मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत ती परकीय चलनाची डीलर होती, आणि सोयापेंड परदेशी पाठवणारा अकोल्याचा पियुष गावंडे डॉलरचा भाव ठरवायला तिलाच फोन करायचा.

"पियुषजी, डॉलरवर घासाघीस करता ते ठीक... साडीवरही?"

तो वळला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"जुईली मॅडम? तुमी... अन् इथं? फोनवर तं लय कडक वाटता."

"आणि समोर?"

"समोर... भाव विचारायची हिंमत नाही होऊन राहिली."

ती खळखळून हसली.

तिचं घर अमरावतीला. पण त्या लग्नानंतर जुईली जरा जास्तच घरी येऊ लागली. पहाटे गाडी अकोल्याला थांबली की पियुष चहाचा थर्मास घेऊन चढायचा आणि मूर्तिजापूरला उतरून परत फिरायचा. खिडकीबाहेर धुक्यात बुडालेली कपाशी, एकाच कपातला चहा... आणि उगाचच एकमेकांना लागणारी बोटं.

एका पहाटे मूर्तिजापूर आलं, गाडी सुटली, तरी तो उठला नाही.

"अहो, तुमचं स्टेशन —"

"जाऊ दे. लग्न करशील माह्याशी?"

पहिल्यांदाच त्यानं तिला 'तू' म्हटलं होतं. "पाहू," ती म्हणाली खरी, पण त्याचा हात तिनं बडनेऱ्यापर्यंत सोडला नाही.

पियुषच्या आईनं, जमुनाबाईंनी, तिला जेवायला बोलावलं. जुईलीनं शुक्रवारची रजा टाकली, तिकीट काढलं. पण गुरुवारी दुपारी रुपया घसरायला लागला. डीलिंग रूममध्ये सगळे फोन एकदम किंचाळू लागले. साहेबांनी फक्त तिच्याकडे पाहिलं, आणि तीच म्हणाली, "मी थांबते, सर." खरं सांगायचं तर त्या धावपळीत तिला मजाही येत होती. पियुषला कळवायचं भान आलं ते शुक्रवारी दुपारी.

"आई जेवली नाही अजून," तो एवढंच म्हणाला. "तुह्यासाठी थांबली होती."

"पुढच्या महिन्यात नक्की!"

पुढच्या महिन्यात बढतीची मुलाखत निघाली. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी काही. तो विचारायचा, ती म्हणायची, "पाहू रे..." मग एका सकाळी अकोल्याहून फोन आला, पण आवाज निराळा. "मॅडम, कंपनीतून धर्मपाल बोलून राहिलो. आता मीच फोन करीन."

जुईलीनं भाव सांगितला. आवाज जराही हलू दिला नाही. त्याच संध्याकाळी मात्र, कुणालाही न विचारता, ती गाडीत बसली आणि पियुषला 'येतेय' एवढंच कळवलं.

पियुष स्टेशनवर आला. हातात थर्मास नव्हता.

"मी हो म्हणायला आलेय, पियुष."

तो रुळांकडे वळला.

"आता सांगून राहिली तू?... अचलपूरची आहे. आकांक्षा. परवाच सुपारी फुटली."

"मला एकदा विचारायचं तरी..."

"किती डाव विचारलं, जुई! तू नाही म्हटलं असतं तं भांडलो असतो मी. पण 'पाहू'शी कसा भांडू?"

अमरावतीच्या गाडीची घोषणा झाली. त्यानं तिची बॅग वर ठेवली, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि खाली उतरून गजांपाशी उभा राहिला.

"आवडते ती तुला?" तिनं हळूच विचारलं.

"साधी आहे. मनातलं लगेच बोलते."

जुईलीनं मान हलवली. "मग... तिनं काही विचारलं तर वाट पाहायला लावू नकोस."

गाडी हलली. तो दोन पावलं सोबत चालला आणि थांबला. जुईलीनं हात बाहेर काढला, पण तोवर फलाट संपला होता.