पिंजौरचा रक्तदाब

"मॅडम, मला काढून टाकतायत. आज दुपारी."

वल्लरी दारातच उभी होती. रडत नव्हती, संतापली होती. विभागात शिकवणाऱ्या मंजिरीने हातातले पेपर बाजूला ठेवले.

प्रकरण जैवसांख्यिकी विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. रक्तदाबाच्या एका नव्या गोळीची चाचणी चंदीगडजवळच्या पिंजौरला झाली होती. गोळीआधी एक फेरी, गोळीनंतर दुसरी. निष्कर्ष झकास होता. पण परदेशी जर्नलने शोधनिबंध परत पाठवला: दुसऱ्या फेरीचे आकडे बनावट दिसतात. वल्लरीने हाताने भरलेले मूळ तक्ते कपाटातून गायब होते. तिचे गाइड प्राध्यापक देवदत्त साठे यांनी विभागप्रमुखांना सांगून टाकलं, पोरगी पदवीसाठी उतावीळ झाली, आकडे तिनेच बनवले.

"फाइल कोण उघडू शकत होतं?"

"मी, शिशिर आणि सर. मी आणि शिशिरने रक्तदाब मोजले, शिशिरने ते टाइप केले. पुढचं गणित सरांनी स्वतः केलं."

"सर पिंजौरला आले होते?"

"आले ना. गाडीतून उतरले, फोटो काढला, गेले."

मंजिरीने शिशिरला बोलावलं. तो लातूरचा, चंदीगडला तीन वर्षं काढून त्याच्या मराठीत 'यार' घुसलं होतं.

"टाइप केल्यावर फाइल पुन्हा उघडलीस?"

"कशाला, मॅडम? फ्लॉपी सरांना दिली, विषय संपला. यार वल्लरी, माझ्याकडे काय बघतेस?"

"संपला म्हणे! डिग्री माझी जातेय, तुझी नाही!"

"भांडणं नंतर," मंजिरी म्हणाली. "वल्लरी, पारा-यंत्र आण. माझा रक्तदाब मोज."

वल्लरीने पट्टा बांधला, हवा सोडली. "एकशे अडतीस. चिडलायत तुम्ही."

"एकशे सदतीस नाही?"

"ते कसं असेल? नळीवर दोन-दोनच्या खुणा आहेत."

"शिशिर, तू मोज."

"एकशे छत्तीस."

मंजिरीने फाइलची छापील प्रत ओढली आणि दुसऱ्या फेरीवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. मग तिने विचारलं, "वर्गात यादृच्छिक आकडे काढताना सर सुरुवातीला अजून तोच सीड देतात?"

"एकोणीसशे चौऱ्याहत्तर," शिशिर हसला. "त्यांच्या पीएचडीचं साल. घरच्या कुलपालाही तोच नंबर असेल!"

मंजिरी हसली नाही. तिने कपाटातून एक जुनी फ्लॉपी काढली. तिच्यावर साठे सरांचं अक्षर होतं.

*

दुपारी समितीपुढे साठे शांत बसले होते. विभागप्रमुख नरेश सूद घड्याळ बघत होते. "मंजिरी जी, जल्दी कीजिए."

मंजिरी बोलली ती मराठी-हिंदी मिसळत, पण आवाज न चढवता.

"दुसऱ्या फेरीत निम्मे आकडे विषम आहेत. एकशे एकतीस, एकशे सत्तावीस. पिंजौरला पारा-यंत्रच होतं, त्यावर विषम खुणाच नाहीत. ज्यांनी ते हाताळलं, ते दोघं सवयीने सम आकडेच लिहितात. खोटे लिहायचे असते तरी समच लिहिले असते. म्हणजे हे आकडे यंत्राला कधी हात न लावणाऱ्याने बनवले."

"हा तर्क झाला," साठे म्हणाले.

"पुरावा पुढे आहे, सर. संगणक यादृच्छिक आकडे देतो, पण त्याला सुरुवातीला एक सीड द्यावा लागतो. प्रोग्रॅम तोच, सीड तोच, तर आकड्यांची रांगही तीच. तुमचा फॉरट्रान या संगणकभाषेतला प्रोग्रॅम तुम्ही स्वतः लिहिलेला. या मुलांनी तो पाहिलेलाही नाही, ती विकतचं सॉफ्टवेअर वापरतात. मला मात्र तुम्ही तो दिला होता, मी तुमची विद्यार्थिनी असताना. आज सकाळी मी चालवला. सरासरी एकशे तीस, तुम्हाला आवडतो तसा गोल आकडा. सीड एकोणीसशे चौऱ्याहत्तर."

तिने दोन कागद शेजारी ठेवले. सूद साहेबांची बोटं दोन्हीवरून एकदमच खाली सरकत गेली. पहिल्या रुग्णापासून शेवटच्यापर्यंत. फरक कुठेच नव्हता.

"साठे साब?"

साठ्यांनी चष्मा काढला. "गोळीचा काहीच परिणाम नव्हता, मंजिरी. एवढी वर्षं घालून... मी तक्ते जाळले."

"खोटे आकडे करतानाही सीड दिलात?"

"हात आपोआप गेला."

"वर्गात तुम्ही टेबलावर मूठ आपटून सांगायचात, पुन्हा करून दाखवता येत नाही ते शास्त्र नाही. मी ते खरं मानलं होतं, सर." आता मात्र तिचा आवाज फाटला. "आणि एका मुलीला बळी द्यायला निघालात!"

सूद साहेबांनी वल्लरीवरचा आरोप तिथल्या तिथे रद्द केला. साठ्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं.

बाहेर वल्लरी उभी होती. तिने आभार मानले नाहीत.

"मॅडम, त्या लोकांनी उन्हात रांग लावून दंड पुढे केले होते. गोळी लागू पडते समजून ते अजून ती घेतायत. आणि माझे खरे आकडे जळले."

"हो."

वल्लरीने पारा-यंत्राची पेटी उचलली. "शिशिर, पिंजौरची बस किती वाजता आहे?"