अडतीस अदृश्य वाचक

पैज लागली तेव्हा अध्यक्षांच्या अर्ध्या गालावर फेस होता आणि उरलेल्या अर्ध्यावर राग.

"थाप! शुद्ध थाप!" ते खुर्चीतून गरजले. "म्हणे रोज अडतीस माणसं वाचनालयाच्या वेबसाइटवर येतात! अहो, वाचनालयातच दिवसाला बारा येतात. त्यातले चार पंख्याखाली झोपायला!"

कंगव्याने वस्तरा हवेतच थांबवला. सलून त्याचं. कानामागे कायम कंगवा, म्हणून सगळी गल्ली त्याला कंगवाच म्हणायची. अध्यक्षांची दाढी करताना तो श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, कारण वस्तऱ्याशेजारी ती मिशी असायची. जाडजूड, काळीभोर, दोन्ही टोकं वर. नट-बोल्टांच्या दुकानापासून वाचनालयाच्या अध्यक्षपदापर्यंत आपल्याला जे काही मिळालं ते त्या मिशीच्या जोरावर, असा अध्यक्षांचा ठाम समज होता.

बाकावर आत्याबाई पेपरातलं कोडं सोडवत बसल्या होत्या. सलूनच्या वरच्या खोलीबाहेर त्यांची पाटी होती: 'खासगी तपास. हरवलेलं, लपवलेलं, नाकारलेलं.' भाडं कंगव्याला, आणि डोकेदुखीही त्यालाच.

"येत असतील की माणसं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"असतील! आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!"

"माझ्या मिशांचं राहू द्या अध्यक्षमहाराज. तुमच्या लावताय का पैजेला?"

दुसऱ्या खुर्चीतला माणूस टॉवेलसकट वळला.

"लावतो!" अध्यक्ष म्हणाले. "ते अडतीस खरे निघाले तर वाचनालयाच्या पायरीवर बसून, चारचौघांत मिशी उतरवीन. आणि तुम्ही हरलात तर?"

"तर महिनाभर रोज सकाळी तुमच्या दुकानासमोर उभी राहून ओरडेन, 'मिशी असावी तर अशी!'"

ही कल्पना अध्यक्षांना इतकी आवडली की त्यांनी फेसाळलेला हात लगेच पुढे केला.

दुपारी ग्रंथपालबाई वरच्या खोलीत आल्या. कंगवा चहा घेऊन गेला आणि सवयीप्रमाणे तिथेच रेंगाळला.

"आत्याबाई, रविवारी दहाला समितीची सभा आहे," बाई म्हणाल्या. "घरपोच पुस्तक बंद करणार. आणि आकडे मी फुगवले असं कागदावर लिहिणार. बावीस वर्षं झाली मला तिथे. चुकून एक पुस्तक इकडचं तिकडे झालं नाही हो."

"रडू नका. पहिल्यापासून सांगा."

ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी ही सोय होती. वेबसाइटवर फॉर्म भरायचा, सायकलकाका पुस्तक घरी आणून द्यायचे. रोज नऊ-दहा मागण्या यायच्या. महिन्याच्या दोन तारखेपासून मात्र सगळा खडखडाट. तीन आठवड्यांत अवघ्या दोन! तरी मोजणीच्या तक्त्यात त्या पानावर रोजच्या अडतीस भेटी होत्याच.

"अध्यक्ष म्हणतात, मागणी नाही म्हणजे माणूस नाही. मीच दिवसभर पान उघड-बंद करते म्हणे!"

"लोक फोनवर का मागत नाहीत?"

"समितीचा ठराव आहे, मागणी फॉर्मवरूनच. फोन आला की मी म्हणते, फॉर्म भरा. ते म्हणतात, भरला. माझ्याकडे तर काही येत नाही!" बाईंनी पर्समधून मोबाइल काढून वेळ पाहिली. तो जुना, बटणं दाबायचा. "निघते. उद्या गुरुवार, वाचनालयाला सुट्टी. मी बहिणीकडे असते. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही, काही नाही, म्हणून डोकं तेवढं शांत राहतं."

त्या गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "कंगव्या, काढ ते पान."

कंगव्याने आपल्या मोबाइलवर पान उघडलं. नाव, पत्ता, पुस्तक, शेरा, अशा चार चौकटी. त्यांच्याखाली साक्षात अध्यक्ष, 'पुनर्निवडीबद्दल आभार' असं म्हणत.

"झकास आलाय फोटो! एक तारखेला याच फोटोसाठी मी दीड तास मिशी रंगवली होती." मग त्याने डोळे बारीक केले. "फक्त डाव्या टोकाला रंग जरा हिरवट उतरलाय का हो? बाटली नवीच होती."

"हं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी 'हं' म्हटलं की कंगव्याला आपण काहीतरी महत्त्वाचं बोलल्यासारखं वाटायचं. काय, ते कधीच कळायचं नाही.

शुक्रवारी दोघं चष्मेवाल्याकडे गेले. वाचनालयाची वेबसाइट त्यानेच बनवली होती आणि तोच सांभाळायचा. टेबलावर खिडकीएवढे दोन स्क्रीन, मध्ये तो.

"भेटी खोट्या असू शकतात?" आत्याबाईंनी विचारलं.

"वाचनालयातले कॉम्प्युटर मी मोजणीतून आधीच वगळलेत. हे बाहेरचे. पस्तीस मोबाइलवरून, तीन कॉम्प्युटरवरून. माणूस सरासरी चार मिनिटं थांबतो. काही मोबाइल तर दिवसातून तीनतीनदा परत येतात."

"गर्दी कधी?"

"सकाळी दहा ते अकरा. दहाला नवीन पुस्तकांची यादी लागते ना."

"आणि गुरुवारी?"

त्याने तक्ता खाली सरकवला. "कालचे एकोणचाळीस. आधीच्या गुरुवारीही तेवढेच."

"त्यांची नावं दाखव की," कंगवा पुढे झुकला.

"नावं दिसत नाहीत, आणि दिसूही नयेत. मी पावलं मोजतो दादा, चेहरे नाही."

"त्या दोन मागण्या आल्या, त्या कशावरून?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोन्ही कॉम्प्युटरवरून."

"लोक पानावर बोट कुठे लावतात, तेही मोजतोस?"

चष्मेवाला कसनुसं हसला. "सांगायला लाज वाटते. सगळ्यात जास्त बोटं अध्यक्षांच्या फोटोवर. तीन आठवड्यांत सहाशे बारा."

कंगवा स्टुलावरून पडता पडता वाचला.

"फॉर्म मात्र ठणठणीत आहे, बघा." चष्मेवाल्याने मोठ्या स्क्रीनवर पान उघडलं. चार चौकटी, खाली हिरवं 'पाठवा' बटण, उजव्या कडेला अध्यक्ष. त्याने बटण दाबलं आणि वाचनालयात फोन लावला. मागणी पोचली, टिंग वाजलं, असं बाईंनी तिकडून सांगितलं.

"मग घोडं अडलं कुठे?" कंगव्याने जिन्यात विचारलं.

"तुझ्या खिशात," आत्याबाई म्हणाल्या. कंगव्याने दोन्ही खिसे चाचपले. किल्ली, मोबाइल, सुटी बटणं. घोडं काही सापडलं नाही.

सायकलकाका वाचनालयाच्या मागच्या ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत होते. कंगव्याचा संशय लगेच पक्का झाला. सेवा बंद पडली तर फायदा कुणाचा? याच गुडघ्यांचा!

"गुडघे म्हणतात, सुटलो," काकांनी कबूलच केलं. "पण मन लागत नाही बघा. रस्त्याने गेलो की लोक गॅलरीतून ओरडतात, 'काका, आमचं पुस्तक कुठाय?' मी म्हणतो, आधी मागा तर! कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई तर भांडल्याच. म्हणाल्या, मागून मागून बोट झिजलं माझं."

"बोट म्हणाल्या? घसा नाही?"

"बोटच. का हो?"

"काही नाही. सायकलला तेल घालून ठेवा."

शेवटी अध्यक्षांचं दुकान. गल्ल्याशेजारी त्यांचाही मोठा कॉम्प्युटर होता आणि त्यावर स्वतःचा फोटो असलेलं तेच पान उघडं होतं.

"सहाशे बारा!" आकडा ऐकून मिशीची टोकं आणखी वर गेली. "बघा! याला म्हणतात लोकांचं प्रेम."

"म्हणजे येणारे खरे आहेत?"

अध्यक्ष अडखळले. "ते... फोटोपुरते खरे. पुस्तकांचं खोटं."

"मोबाइलवर पाहिलंत कधी हे पान?"

"छे! त्यात मी एवढासा दिसतो. मोबाइल आमच्या आईला लखलाभ. पाय मोडल्यापासून तोच चोळत बसलेली असते. वाचनालय घरासमोर, पण जिना उतरवत नाही. परवा म्हणाली, बाळा, एक पुस्तक आणून दे रे. मी सांगितलं, अध्यक्षाच्या आईला वेगळा नियम नाही. फॉर्म भर!"

आत्याबाईंनी एक नट विकत घेतला, उगाचच, आणि बाहेर पडल्या. "कंगव्या, रविवारी सभेला येताना सामानाची पेटी आण. वस्तऱ्याला चांगली धार लावून."

रविवारी वाचनालयात खुर्ची मिळेना. पैजेची बातमी गल्लीभर झाली होती. सभा नावाला, सगळे आले होते मिशीसाठी. ग्रंथपालबाई टेबलापाशी मान खाली घालून बसल्या होत्या. समोर ठरावाचा कागद तयार होता, फक्त सह्या बाकी.

"सही करण्याआधी दहा मिनिटं मला द्या," आत्याबाई उभ्या राहिल्या. "पहिला प्रश्न, हे अडतीस खरे की बाईंनी बनवलेले? वाचनालयातले कॉम्प्युटर मोजणीत धरतच नाहीत. गुरुवारी बाई बहिणीकडे असतात, तिथे काही साधन नाही, आणि बाईंचा मोबाइल बटणांचा. तरी गुरुवारी अडतीसाचे एकोणचाळीस होतात. शिवाय आकडा फुगवणारा पान उघडून मिटेल. चार-चार मिनिटं कशाला थांबेल? हे लोक थांबतात, कारण ते फॉर्म भरतायत."

"मग मागण्या कुठेत?" अध्यक्ष म्हणाले.

"तिकडेच येते. आल्या त्या दोन्ही मागण्या कॉम्प्युटरवरून. मोबाइलवरून पस्तीस जण येतात आणि मागणी शून्य. म्हणजे चोरी झाली ती मोबाइलवर. आणि मोबाइलवर ते पान इथे कुणीच पाहिलं नव्हतं. बाईंकडे साधा फोन, चष्मेवाल्याकडे खिडकीएवढे स्क्रीन, अध्यक्ष एवढासे दिसतात म्हणून बघत नाहीत. पाहिलं फक्त या कंगव्याने. कंगव्या, मोठ्या स्क्रीनवर चौकटींच्या खाली काय होतं?"

"हिरवं बटण. 'पाठवा'."

"आणि तुझ्या मोबाइलवर?"

"अध्य..." कंगव्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने मोबाइल काढला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "आयला! बटणच नाही!"

"आहे. फोटोच्या पोटात आहे. एक तारखेला मिशी रंगली, फोटो निघाला, पानावर चढला. दोन तारखेपासून मागण्या बंद. मोठ्या स्क्रीनवर फोटो कडेला बसतो. छोट्यावर जागा नाही, म्हणून तो थेट बटणावर बसला. तुझा रंग हिरवट उतरला नव्हता रे. मिशीच्या डाव्या टोकाखालून त्या बटणाचा नखाएवढा कोपरा डोकावत होता. लोक तोच दाबायचे, पण वर फोटोची पारदर्शक कड, म्हणून बोट फोटोलाच लागायचं."

चष्मेवाल्याने एक कागद वर धरला. त्यावर अध्यक्षांचा चेहरा होता आणि जिथे जिथे बोट लागलं तिथे लाल ठिपका. कपाळ स्वच्छ, गाल स्वच्छ. डाव्या मिशीच्या टोकाला मात्र गोवर उठला होता.

"सहाशे बारा," आत्याबाई म्हणाल्या. "महाराज, हे प्रेम नव्हे. लोक तुमच्या मिशीखालून पुस्तक ओढून काढायला बघत होते."

हशा असा उसळला की पंख्याखाली झोपलेले चौघंही जागे झाले.

"तर्क झाला!" अध्यक्ष लाल झाले होते. "पुरावा?"

आत्याबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सव्वादहा. नवीन यादी लागून पंधरा मिनिटं झालीत. चष्मेवाल्या, हलव तो फोटो."

त्याने लॅपटॉपची एक कळ दाबली. सगळ्या माना ग्रंथपालबाईंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे वळल्या. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. कंगव्याने देवाचं नाव घेतलं. अध्यक्षांचा हात मिशीकडे, टोक पिळायला गेला.

टिंग.

बाईंनी वाचलं आणि तोंडावर पदर धरला. "पत्ता... समोरचं घर, दुसरा मजला." मग खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "शेरा: एकविसाव्यांदा मागते आहे. आतापर्यंत दरवेळी मध्ये आमच्या चिरंजिवांचं तोंड येत होतं."

टिंग. टिंग टिंग. शिवणकामवाल्या बाईंच्या दोन मागण्या आल्या, मागच्या राहिलेल्या वसूल केल्यासारख्या. बाईंनी उतरवून घेतलेल्या चिठ्ठ्या अकरा झाल्या तेव्हा बाहेर सायकलची घंटी वाजली. काका गुडघे विसरून तयार होते.

अध्यक्षांनी ठरावाचा कागद उचलला, चार तुकडे केले. मग ते ग्रंथपालबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, चुकलो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. तुमचा एकही आकडा खोटा नव्हता."

"पुस्तकं लवकर काढायला हवीत," बाई एवढंच म्हणाल्या, पण बावीस वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

"कंगव्या," अध्यक्षांनी छाती काढली. "आण पेटी. शब्द म्हणजे शब्द."

वाचनालयाच्या पायरीवर टॉवेल अंथरला गेला. रस्ता भरला. कंगव्याने वस्तरा दोनदा पुसला. त्या मिशीला त्याने पंधरा वर्षं खतपाणी घातलं होतं. डावं टोक आधी गेलं, गुन्हेगार म्हणून. मग उजवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आत्याबाईंनी पर्समधून तो नट काढला आणि आठवण म्हणून अध्यक्षांच्या हातावर ठेवला.

अध्यक्ष वरच्या ओठावरून बोट फिरवत बसले होते. मिशीमागे एक गोल, गुबगुबीत, जरा घाबरट चेहरा इतकी वर्षं राहत होता, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आत टिंग वाजलं. ग्रंथपालबाई चिठ्ठी घेऊन पायरीवर आल्या.

"पुन्हा समोरूनच आहे. पुस्तक: सवडीने द्या. शेरा: कितीतरी वर्षांनी माझा मुलगा दिसला. मिशीत सापडतच नव्हता."

अध्यक्षांनी वर पाहिलं. समोरच्या गॅलरीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून, मांडीवर मोबाइल घेऊन त्यांची आई बसली होती.

"अगं आई," त्यांनी हाक मारली, "एवढ्यासाठी फॉर्म कशाला? हाक मारायची ना!"

"नियम सगळ्यांना सारखा!" वरून उत्तर आलं.