बुडालेल्या गोळ्या

पायाखाली गोळी आली आणि लवंगी घसरली ती थेट भट्टीवाल्याच्या अंगावर! नोकरीचा पहिलाच दिवस. प्रयोगशाळा शोधता शोधता ती चुकून भट्टीपाशी आली होती. त्यानं दंड धरून सावरलं... आणि सोडायला जरा उशीरच केला.

"मातीच्या गोळ्या आहेत, हलक्या काँक्रीटसाठी. जपून—"

"इतक्या हलक्या?"

"भट्टीत एकदम तापवतो. वरची साल मऊ होते, आतल्या वायूला बाहेर पडता येत नाही. मग गोळी फुगते, आत भोकंच भोकं. हळूहळू तापवली तर वायू आधीच निसटतो आणि हाती येतो नुसता खडा."

तेव्हापासून ती रागावली की तो म्हणायचा, "फुगली!" आणि ती खरंच फुगायची. अंगानं लहान, जिभेनं तिखट, म्हणून सगळे तिला लवंगी म्हणत. त्याच्या तोंडून मात्र ते नाव ऐकलं की तिचा तिखटपणा कुठल्या कुठे पळायचा.

मग नवी इंजिनियर आली. उंच, हसरी, बघावं तेव्हा नीटनेटकी. दुसऱ्या गावी नवी भट्टी सुरू व्हायची होती. आजच्या गोळ्या पास झाल्या की भट्टीवाला तिच्याबरोबर तिकडे जाणार होता. तपासणी लवंगीकडे. गोळ्या पाण्यात टाकायच्या, थोड्याच वेळात बघायचं, तरंगल्या की पास.

तिनं गोळ्या टाकल्या आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. भट्टीच्या झरोक्यापाशी दोघं डोक्याला डोकं लावून उभी. तो हातवारे करतोय, इंजिनियर हसतेय... लवंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. मला भट्टी दाखवताना कधी इतके हात हलवले नव्हते मेल्यानं!

ती भानावर आली तेव्हा सगळ्या गोळ्या तळाशी गेल्या होत्या. बराच वेळ पाणी पिऊन त्या जड झाल्या होत्या. चूक तिची होती. पण नापास म्हटलं, तर तो इथेच राहील... कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात तोच आत आला.

"बुडाल्या? असं कसं? किती वेळ होत्या पाण्यात?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना.

"तुम्ही दोघं खिदळायला लागलात तेव्हापासून."

"म्हणजे... तू सगळा वेळ—"

"हो, बघत होते! जळत होते! झालं समाधान?" तिनं त्याच खेपेतल्या कोरड्या गोळ्या पाण्यात टाकल्या. साऱ्या वरच राहिल्या. "पास. जा तिच्याबरोबर."

तिनं पाठ फिरवली.

"लवंगे, मी तिला सांगत होतो, नव्या भट्टीवरही तपासायला लवंगीच हवी."

"मग ती हसत का होती?"

"तिनं विचारलं, गोळ्यांसाठी हवी, की तुम्हाला? आणि... मला खोटं बोलता येईना."

लवंगी वळली. गाल फुगलेले, डोळे भरलेले.

"हे मला कधी सांगणार होतास?"

"आत्ता. येशील?"

"तिकडे तीही असणार?"

"असणार."

"मग तर येणारच मी!"

इतक्यात इंजिनियर दारात आली. लवंगीनं भट्टीवाल्याचा हात घट्ट धरला, तिला अगदी नीट दिसेल असा.