पंधरा दिवसांतला अर्धा तास

दार उघडलं तर समोर एक उंचच उंच माणूस. केसांतून पाणी निथळतंय, शर्ट अंगाला चिकटलाय, आणि हातातली बॅग मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरडी ठणठणीत.

"आलात एकदाचे! चार दिवस झाले निरोप देऊन," मी म्हटलं. "चपला बाहेरच काढा. बाथरूममधला नळ आहे. सारखा टपटपतो, त्यामुळे काकांची झोप उडते आणि काकांची उडाली की माझी उडते."

त्याने तोंड उघडलं... मिटलं. चपला काढून मुकाट्याने आत गेला. "पाना आहे?" एवढंच विचारलं. मी दिला. दहा मिनिटांत नळ गप्प. हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "मी... तुमच्या बदलीवर आलोय. ब्यूरोकडून."

माझं तोंड उघडंच राहिलं. "अहो, मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलत होतात," तो म्हणाला.

आतल्या पलंगावरून काका खो खो हसत सुटले. इतके हसले, की मला धावत जाऊन त्यांची पाठ चोळावी लागली. हसून सुरुवात झाली म्हणून पुढचंही सगळं हसतच होईल, असं मला त्या दिवशी वाटलं. वेडी कुठली!

काका म्हणजे बस चालवण्यात चौतीस वर्षं घालवलेला माणूस. वय ब्याऐंशी. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली तेव्हा ताईंनी, म्हणजे त्यांच्या लेकीने, वृद्धाश्रमाचं नाव काढलं. काका म्हणाले, "या घरातून मी आडवाच निघणार. तोवर मला कुणी हलवायचं नाही." मग ताईंनी ब्यूरोला, म्हणजे घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेला, फोन केला. त्यातून ठरलं ते असं : चोवीस तास घरात राहणारं एक माणूस, दर पंधरा दिवसांनी बदली. आधी माझ्या बदलीला एक मावशी होत्या. त्यांना दोन जिने चढवेनात, म्हणून हा आला.

काकांनी आठवडाभरात त्याचं नाव 'ब्रेक' ठेवलं. माझं आधीपासूनच 'भोंगा' होतं. "एकीचा वाजायचा थांबत नाही, एकाचा लागलेला सुटत नाही," ते म्हणायचे. "नशिबी गाडी काय आलीय बघा!"

आता आमची गंमत ऐका. काकांच्या खोलीला लागून एक छोटी खोली, तिच्यात एक पलंग, एक कपाट, एक खिडकी. त्या पलंगावर पंधरा दिवस मी झोपायची आणि पंधरा दिवस तो. कपाटात वरचा कप्पा त्याचा, खालचा माझा. एकाच घरात राहायचो आम्ही, पण मी असले की तो नसायचा आणि तो असला की मी नसायची. भेट व्हायची ती रविवारी सकाळी दहा वाजता, चार्ज देता-घेताना. अर्धा तास. गोळ्या मोजायच्या, काकांची पाठ आणि टाचा कुठे लाल झाल्यात का ते दोघांनी मिळून बघायचं, नोंदवही वाचायची, सह्या करायच्या, किल्ल्या द्यायच्या. की एकाने निघायचं.

फोन? ड्युटीवर फोन फक्त पेशंटच्या कामासाठी, हा ब्यूरोचा नियम. आणि नियम नसता तरी काय उजेड पडणार होता! फोनवर हा बाबा 'हं' आणि 'बरं' यापलीकडे जात नसे.

पण समोर असला की... एकदा मी गोळ्या मोजता मोजता बोलून गेले, "त्या उशीला तुमच्या तेलाचा वास येतो."

"अभ्रा धुतला होता मी," तो घाबरून म्हणाला.

"मग कमी धुवा!" म्हटलं मी आणि जीभच चावली. "म्हणजे — जास्त धुवा."

त्याचे कान लाल झाले. "नक्की काय करू?"

"गोळ्या मोजा," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला अभ्रा न धुतलेला निघाला. मुद्दाम की आळस, हे विचारायची माझी काही हिंमत झाली नाही. मी, जिला काका भोंगा म्हणायचे! पंधरा दिवस त्या उशीवर गाल टेकून झोपले, आणि माझी पाळी संपताना अभ्रा मीही नाही धुतला.

काकांच्या नजरेतून काय सुटतंय? जन्मभर आरशातून मागची माणसं बघत आलेला माणूस तो. रविवार आला की त्यांना हटकून काहीतरी सुचायचं. "ब्रेक, नखं काप माझी. भोंगा, तू टॉवेल धर."

"काका, शुक्रवारीच कापलीत."

"मग परत वाढली. म्हाताऱ्यांची भराभर वाढतात."

मग मी टॉवेल धरायची, तो खाली बसून नसलेली नखं कापायचा, आणि काका डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. अर्ध्या तासाचा तास व्हायचा. माझी पावणेअकराची बस कितीदा चुकली, विचारू नका.

"घरी वाट बघत असतील तुमची," तो एकदा म्हणाला.

"भावाचं घर ते. वहिनी वाट बघते, पण मी परत कधी जाते त्याची." मी हसत बोलले खरी, पण तो हसला नाही. नखं कापायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिला. असं सरळ, सावकाश. माझ्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं हो कधी.

तिसऱ्या महिन्यात, माझ्या पाळीत, काका एकदा खुर्चीतून घसरून खाली बसले. लागलं नाही. मी वहीत तसं लिहिलं, कारण लिहायचंच असतं. ब्यूरोचा नियमच आहे : तीन महिन्यांत पेशंट दोनदा पडला, तर घरी एका माणसाच्या भरवशावर त्याला ठेवायचं नाही. मग ताई त्यांना वृद्धाश्रमात नेणार, हे काकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

रविवारी मी त्याला चार्ज दिला. पंधरा दिवसांनी मी चार्ज घ्यायला आले, तर तो टेबलाशी वही उघडून बसलेला. हातात पेन, पान कोरं.

"शुक्रवारी पडले," तो हळूच म्हणाला. "बाथरूमच्या दारात. चक्कर आली म्हणाले. लागलं नाही, पण..."

"लिहू नकोस रे," आतून काका म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "पाया पडतो तुझ्या. मला इथून काढतील."

त्याने माझ्याकडे बघितलं. "लिहायला हवं ना?"

तुम्हाला खरं सांगते. मला त्या क्षणी काकांची दया आली, हे खरंच. पण तिच्या आधी काय आलं मनात? आमचा तो रविवार. हे घर बंद झालं तर ब्यूरो याला एका टोकाला पाठवणार, मला दुसऱ्या. कुठले दहा आणि कुठला अर्धा तास! मी पुढे झाले, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि वही मिटली.

"लागलं नाही ना? मग झालं," मी म्हटलं. "मी लक्ष ठेवीन."

त्याने किल्ल्या दिल्या आणि त्या दिवशी अर्धा तासही न थांबता गेला.

मंगळवारी डॉक्टर आले. दर महिन्याला यायचे. वही चाळली, बीपी बघितलं. "चक्कर वगैरे? पडले का परत?"

"नाही," मी म्हटलं. काका छताकडे बघत होते.

"मग बीपीची गोळी आहे तीच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

लक्ष ठेवलं मी. डोळ्यांत तेल घालून ठेवलं. बाथरूमपर्यंत हाताला धरून न्यायची, दाराबाहेर उभी राहायची. पंधरा दिवस काही झालं नाही. रविवारी तो आला, आम्ही पाठ बघितली, टाचा बघितल्या, आणि काकांनी नखं कापून घेतली. जाताना जिन्यात मागून त्याचा आवाज आला, "सांभाळून जा." मी बसमध्ये तो शब्द तीन तास चघळत बसले. इतकी सुखी होते मी त्या दिवशी, की आता आठवलं तरी लाज वाटते.

गुरुवारी सकाळी वहिनीच्या घरी भांडी घासत होते, तर फोन वाजला. त्याचा. "काका पडले," तो म्हणाला. आणि मग बोलतच सुटला, "मी दूध गॅसवर ठेवायला गेलो, दोन मिनिटं, ते आपले आपण उठले, चक्कर आली असणार, मांडीचं हाड — उचलता येत नाहीये मला, किंचाळतायत, गाडी बोलावलीय..." मी नुसतीच 'हं' म्हणत होते.

काका अकरा दिवस दवाखान्यात होते. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. मला आत सोडलं तेव्हा नळ्यांच्या मधून एवढंच बोलले, "घरी कधी न्यायचं?" मी म्हटलं, "उद्या, काका." दुसरं खोटं. बाराव्या दिवशी पहाटे ते गेले. ज्या घरातून न हलण्यासाठी एवढं सगळं केलं, ते घर त्यांना परत दिसलं नाही.

चार दिवसांनी ताईंनी आम्हाला दोघांना बोलावलं, किल्ल्या आणि वही परत द्यायला. रविवार नव्हता, तरी दहालाच बोलावलं होतं. पहिल्यांदाच आम्ही दोघं त्या घरात होतो आणि काका नव्हते. पलंगावरची गादी उभी करून ठेवलेली.

ताई वही वाचत होत्या. पान पान. डोळे सुजलेले, पण आवाज शांत. "एकदा खुर्चीतून घसरले. त्यानंतर काहीच नाही. मग एकदम असं कसं? डॉक्टर मला विचारतात, आधी चक्कर येत होती का? मी काय सांगू?"

मी श्वास घ्यायच्या आत तो म्हणाला, "येत होती. माझ्या पाळीत एकदा पडले होते. मी लिहिलं नाही."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. "का?"

"चूक झाली माझी," तो म्हणाला. झालं, तेवढंच. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभा राहिला. मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. गप्प बसले असते तर माझं काम राहिलं असतं, नाव राहिलं असतं. त्याच्याकडे बघितलं, तर तो जमिनीकडे बघत होता.

"ते लिहीत होते ताई," मी म्हटलं. "पेन मी काढून घेतलं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, नाही पडले, असं सांगितलं तेही मीच."

"पण का?"

"काका विनवत होते म्हणून... नाही. ते कारण नाही. मला यांना भेटायचं होतं. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास. काका इथून गेले असते तर तो अर्धा तासही गेला असता. माझं प्रेम होतं यांच्यावर. आहे. म्हणून नाही लिहू दिलं."

जे मी त्याला एकट्याला कधी सांगू शकले नव्हते, ते असं सांगितलं, त्याच्या देखत, गुन्हा कबूल करावा तसं.

"किती वेळा भेटलात?" ताईंनी विचारलं.

"नऊ वेळा."

त्यांनी वही मिटली. "मी हलवलंच असतं बाबांना," त्या म्हणाल्या. "चिडले असते. माझं तोंड बघितलं नसतं महिना महिना. पण आज असते." मग त्यांनी दाराकडे हात केला. "जा तुम्ही दोघं. जा आता."

मी जिन्यापर्यंत आले आणि पायरीवर बसले. तो मागून आला, एक पायरी खाली उतरून माझ्यासमोर बसला.

"हे मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने अहो-जाहो सोडलं.

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"तर मी त्या दिवशी लिहिलं असतं," तो म्हणाला. "ब्यूरोने तुला कुठेही पाठवलं असतं तरी मी आलो असतो. कितीही लांब. मला वाटायचं, तुला... तुला तेवढा अर्धा तासच पुरतो."

मी रडले. काकांसाठी रडले, आमच्यासाठी रडले, कोणाचं कुठलं ते मलाही कळेना. दोन वाक्यं होती ती फक्त. त्याने म्हटली असती तरी चाललं असतं, मी म्हटली असती तरी. आम्ही दोघांनी ती गिळली, आणि किंमत काकांनी मोजली.

"मीच कुठे बोललो," तो म्हणाला, आणि त्याचेही डोळे वाहायला लागले.

मी हात पुढे केला. त्याने धरला.

वर कुलूप लागल्याचा आवाज झाला. ताई खाली येत होत्या. आम्ही उठून भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि त्यांना वाट दिली. त्या आमच्याकडे न बघता उतरून गेल्या. त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच पायरीवर बसलो, कारण त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच कुठे जायचं नव्हतं.