मोजणीत न आलेलं

वटवाघळांचा आवाज माणसाच्या कानांना ऐकू येत नाही. आमचं यंत्र तो टकटक करून ऐकवतं. समोर काही आडवं आलं की टकटक भरभर होते, वटवाघूळ टेकलं की थांबते. यंत्र सांभाळणं माझं काम, मोजणं ताईचं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. खरं तर बॅटरीवरही फारसा नाही.

त्या दुपारी आम्ही पाण्याच्या जुन्या बोगद्यात शिरलो. वटवाघळं दिवसा लटकून झोपतात, म्हणून दुपार. ही जात फक्त याच बोगद्यात उरली होती, वर्षाला एकच पिलू देणारी. चार वर्षांपूर्वी ताईने एकेचाळीस मोजली होती. मग नऊ. मग एक मादी, तीही गेल्या वर्षी मरून पडलेली सापडली. दूध पाजणारी होती, पण पिलू कुठे दिसलं नाही. आज शून्य आलं की समिती जात नामशेष ठरवणार आणि बोगद्याचं तोंड बुजवणार होती.

"शून्य लिहायला दोघं कशाला?" मी म्हणालो.

"एकटीने लिहवत नाही रे," ती म्हणाली.

तिने छतावर इंच न् इंच उजेड फिरवला. खालची विष्ठाही जुनी, पाय पडला की भुकटी होणारी. बोगदा जिथे दगडाला टेकतो, तिथे तिने वही उघडली.

तेव्हा यंत्र वाजलं.

मी बॅटरी काढून परत घातली. तार चाचपली. टक. टक.

"आई हरवली की पिलू अशी हाक मारतं," ताई हळूच म्हणाली.

"पण आहे कुठे?"

उजेडात नुसता दगड.

टकटक जवळ आली. भरभर झाली.

मी मागे सरलो. ताई सरली नाही.

यंत्र थांबलं.

तिचा डावा हात छातीशी गेला होता.

"चल," ती म्हणाली. "सावकाश चाल."

बाहेर उन्हात येऊन तिने वहीत 'एक' लिहिलं. समितीने फोटो मागितला, तो नव्हता. मी आवाज ऐकवला, तर यंत्रातला बिघाड म्हणाले. जात नामशेष ठरली, बोगद्यावर सिमेंट चढलं.

तेव्हापासून ताई डाव्या हाताने काही उचलत नाही. तो छातीशीच असतो. डॉक्टर म्हणतात, हात ठणठणीत आहे. आईजवळ आम्ही यातलं अवाक्षर काढलेलं नाही. तिला वटवाघळांची किळस येते.

काल दुपारी मी मोठ्याने बोलत घरात शिरलो. ताई खुर्चीत बसली होती. आई स्वयंपाकघरातून लगबगीने आली, ओठांवर बोट ठेवून.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."