चार पायांचा चौथरा

टाकीचं झाकण उचललं आणि तपासनीस बाई दोन पावलं मागे सरल्या. आत दोनशे लिटर रसायन सडलं होतं. शी! कुणी ओकून आठवडाभर झाकून ठेवावं तसला वास.

"तिसरा घाणा नासला," मालकीणबाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "संध्याकाळी वस्तादांना घरी पाठवतेय."

वस्ताद म्हणजे टाक्या चालवणारे म्हातारे कारागीर. तपासनीस बाई शिकाऊ होत्या तेव्हा त्यांच्याच हाताखाली घडल्या होत्या. आता ते कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते, आणि ते बघून बाईंना वासापेक्षा जास्त किळस आली.

कारखाना जंतू वाढवून पचनाचं औषध बनवायचा. मोठी टाकी घ्यायची म्हणून दोन कंपन्यांच्या छोट्या टाक्या चाचणीला आणल्या होत्या, एक तीन पायांची, दुसरी चार पायांची. जिंकेल त्या कंपनीची तशीच मोठी टाकी घ्यायची. तीन पायांची आधी सरस ठरत होती. मग तिच्यात परके जंतू शिरले. चार पायांची मात्र ठणठणीत.

"परके जंतू मारायला वाफ नीट दिली नसणार," व्यवस्थापक साहेब दारातूनच म्हणाले. "वय झालंय त्यांचं."

"तुम्ही पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"मी? दोन महिन्यांत या टाक्यांजवळ गेलेलो नाही. मला वास सोसत नाही." साहेबांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं, नुसता पांढुरका पट्टा होता. "किती वाजले हो?"

बाई वस्तादांकडे वळल्या. "वाफ किती वेळ दिलीत?"

"चाळीस मिनिटं. एकूण एक नळ तापला होता, पोरी."

"नमुना घ्यायचा नळ खोलला होतात?"

"तो महिन्यातून एकदाच खोलतो. पाटीवर तारीख लिहिलीय. अजून आठवडा आहे."

बाईंनी तो स्वतः खोलला. कागदावर जाऊ नकोस, रबर काढून बघ, हे त्यांना वस्तादांनीच शिकवलं होतं. आत रबराची एक कडी हवी, निघाल्या दोन. दोन्हींच्या मध्ये काळा, चिकट गाळ दाबून भरलेला. वाफ तिथवर पोचणार कशी!

त्यांनी तीनदा साबण लावला. हातांचा वास कसाबसा गेला, पण घड्याळाच्या चामडी पट्ट्याचा वास काही जाईना. वैतागून त्यांनी घड्याळ काढलं आणि मोकळ्या हवेसाठी मागच्या अंगणात आल्या. तिथे मोठ्या टाकीचा चौथरा बांधून तयार होता. चार कोपऱ्यांत चार जाड बोल्ट. सिमेंट केव्हाच वाळलेलं.

बाई तिथेच थांबल्या. मग तडक मालकीणबाईंच्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांना बोलावून घेतलं.

"चौथरा कुणी बांधून घेतला?"

"साहेबांनी," मालकीणबाई म्हणाल्या. "दोन महिने झाले. का?"

"चाचणी चालू असताना चार पायांचा? तीन पायांची टाकी त्यावर बसणार कशी? साहेबांनी निकाल आधीच ठरवला होता. पण नको ती टाकी जिंकायला लागली. म्हणून त्यांनी नळात जादा कडी घालून गटारातला गाळ भरला. पाटीमुळे महिनाभर तो नळ कुणी खोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं."

"काहीतरीच!" साहेब उसळले. "पुरावा काय?"

"तुमचं घड्याळ कुठंय?"

"दुरुस्तीला."

"पट्ट्याला लागलेला हा वास धुऊन जात नाही, मी आत्ताच पाहिलं. खण उघडा तुमच्या टेबलाचा."

साहेब जागचे हलेनात. मालकीणबाईच उठल्या आणि शेजारच्या खोलीतला खण त्यांनी स्वतः उघडला. प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं चामडी पट्ट्याचं घड्याळ निघालं. पिशव्या सोडताच तोच ओकारीचा वास खोलीभर पसरला.

"तिकडे दोन महिने न गेलेल्या माणसाच्या घड्याळाला हा वास लागला कुठून?" बाईंनी विचारलं.

साहेबांचा चेहरा पडला. "चार पायांच्या टाकीवाल्या कंपनीला शब्द देऊन बसलो होतो," ते पुटपुटले. "एवढ्याने कुणी मेलं तर नाही ना?"

"आजाऱ्यांच्या पोटात जाणारं औषध होतं ते! लाज वाटत नाही?" बाई ओरडल्या. "जा, आता तुमच्या हाताने ती टाकी घासा."

"नको, पोरी." वस्तादांनी पहिल्यांदाच मान वर केली. ते बाह्या दुमडत होते. "यांनी घासली तर चौथा घाणाही नासेल."