अकरावी खाच

गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी एक तक्ता केला. सात गाड्या होत्या, सगळ्या वापरलेल्या आणि सगळ्या लहान एसयूव्ही. पार्किंगमध्ये सहज मावणाऱ्या, तरी मागे मुलीची सायकल, सासूसासरे आले तर त्यांच्या बॅगा आणि आठवड्याचा बाजार घेणाऱ्या. डिकी किती लिटर, किती किलोमीटर चाललेली, मागच्या सीटवर मुलांची खुर्ची बसवायचे हूक कसे आहेत, सीओईची किती वर्षं उरली आहेत. सिंगापुरात गाडीबरोबर ती ठेवण्याचा दहा वर्षांचा परवानाही घ्यावा लागतो, त्यामुळे इथे प्रत्येक गाडीची शेवटची तारीख पहिल्या दिवसापासूनच ठरलेली असते. प्रत्येक रकान्याला मी वजन दिलं आणि बेरीज केली.

मी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांचे तराजू आणि तापमापक खरं सांगतात की नाही, ते तपासते. म्हणून ही गोष्ट आधीच सांगायला हवी. मैत्रेयीची गाडी त्या तक्त्यात चौथी आली होती. मी रंगाचं वजन दोनावरून नऊ केलं, आणि ती पहिली आली.

नवऱ्याला, प्रबोधला, मी दुसरा तक्ता दाखवला.

मैत्रेयी सेरंगूनला राहायची. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली होती. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. गायला लागली की मागे पोहे वाढणाऱ्या बायकासुद्धा डाव धरून थांबायच्या. तिचा निहार नऊ वर्षांचा, तरी तिला लांबून बघितलं की धावत यायचा. तिच्यासमोर प्रबोध मोठ्याने हसायचा, घरी हसत नाही तसा. या सगळ्यात तिची काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. एकदा पावसात तिने आम्हाला पुंगोलला, आमच्या घरापर्यंत सोडलं होतं. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने मागे न बघता निहारला बिस्किटाचा पुडा देत होती. आमची आर्या मागून तिच्याकडे टक लावून बघत होती. ती गाडी मला हवी होती. तिच्यासारखी दुसरी नव्हे, तीच.

ते लोक मेलबर्नला चालले होते. जायच्या आदल्या दिवशी मैत्रेयी गाडी द्यायला आली.

"अशू, तिला वर बोलव की. चहा टाकतो," प्रबोध म्हणाला.

"घाईत असेल ती. मीच खाली जाते."

घरात पाट होता. पूर्वेकडे तोंड करून बसवता आलं असतं. पण मला ती आमच्या स्वयंपाकघरात नको होती, आणि तिच्यासमोर हसणारा प्रबोध तर मुळीच नको होता. परगावी निघालेल्या सवाष्णीला रिकाम्या हाताने पाठवणंही बरं दिसलं नसतं. म्हणून मी ताट घेऊन समोरच्या कार पार्कच्या चौथ्या मजल्यावर गेले आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली असतानाच, दार उघडं ठेवून, तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. हळदकुंकू लावताना मला वाकावं लागलं नाही, ती बसलेली असूनही.

"काय शास्त्रज्ञबाई, पार्किंगमध्ये ओटी?" ती हसली. "मेलबर्नला जाऊन सांगते सगळ्यांना."

मग तिने ओटीतले थोडे दाणे परत द्यायला हात पुढे केला. हे दाणे भरणारीच्या ताटात टाकायचे असतात, तिचं घर भरलेलं राहावं म्हणून. पण ताट मी टपावर ठेवलं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि दाणे सीटवरच, स्वतःच्या मांडीशेजारी सोडले.

"राहू देत. आता हेच घर," ती म्हणाली, आणि उतरली.

पाच दाणे होते. मी मोजले, कारण मी मोजतेच.

प्रबोध गाडी चालवत नाही. त्याचं ऑफिस हार्बरफ्रंटला, पुंगोलहून एमआरटी मेट्रोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चावी एकच, माझ्या पर्समध्ये. सीट हाताने सरकवायची आहे, खाली दांडी असते. पहिल्याच दिवशी मी ती पुढे घेतली, आणि सगळ्यात पुढून चौथ्या खाचेत माझे पाय नीट पोचले. मैत्रेयीची खाच अकरावी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट अकराव्या खाचेत होती.

मी चढावर गाडी लावली असेल, खाच नीट बसली नसेल. पुढे घेतली, कट् असा आवाज ऐकला, हलवून बघितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरावी. आरसाही वर वळलेला. त्यात मला फक्त छत दिसायचं. मी रुळावर पेन्सिलीने खूण केली, वहीत तारीख घातली. मेकॅनिककडे नेलं. त्याने सीट पंधरा वेळा मागेपुढे केली. "नथिंग राँग, मॅडम. व्हेरी टाइट," म्हणाला.

नऊ दिवसांत नऊ नोंदी. नऊही अकरा.

दहाव्या दिवशी शाळेच्या दारात उतरताना आर्या म्हणाली, "आई, आज ते गाणं का नाही म्हटलंस?"

"कुठलं गाणं?"

"संध्याकाळी म्हणतेस ते. वर जातं आणि खालीच येत नाही ते."

मी गात नाही. शाळेत मला समूहगीतात नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी शाळेनंतरच्या पाळणाघरातून, स्टुडंट केअरमधून, तिला घेताना मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन पर्समध्ये ठेवला. बावीस मिनिटांचा रस्ता. नेहमीसारखाच गेला. मी विचारलं, "डबा संपवलास?" ती म्हणाली, "हं." नंतर दोघी गप्प.

घरी आल्यावर मी बाथरूमचं दार लावून ते ऐकलं. इंजिन. इंडिकेटर. माझं "डबा संपवलास?" आणि तिचं "हं." मग थोडी शांतता, आणि त्या शांततेनंतर आर्या खळखळून हसली. पुन्हा शांतता, कुणी एखादं वाक्य बोलावं तेवढ्या लांबीची. मग आर्या इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "अगेन, अगेन! प्लीज लाह!" पुन्हा शांतता, या वेळी एक मिनिट चाळीस सेकंदांची. तिच्या शेवटी आर्याने टाळ्या वाजवल्या.

गाडीत मी यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. बाथरूमच्या टाइल्सकडे बघत मी तो हसण्याचा तुकडा सात वेळा ऐकला, आणि दर वेळी मनात एकच यायचं, माझ्याशी बोलताना ती कधीच अशी हसत नाही.

"तू गाडीत कुणाशी बोलतेस?" मी तिला झोपवताना विचारलं.

"तुझ्याशी लाह."

"मी कुठे काय बोलते?"

"तू मोठी झालीस की बोलतेस." तिने कूस बदलली. "तेव्हा मला तुझं डोकं दिसतं, सीटच्या वर. बाकीच्या वेळी दिसत नाही. तेव्हा गाडी रिकामीच जाते असं वाटतं."

"आणि तुला कुठली आई आवडते?"

असं मुलांना विचारू नये. तिने डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती. उत्तर तिने दयेपोटीच टाळलं, सहा वर्षांच्या मुलीने.

शनिवारी मी गाडी पूर्ण साफ करायला काढली. व्हॅक्यूमची नळी सीटखाली घातली आणि थांबले. रुळाच्या फटीत, अकराव्या खाचेपाशी, पाच दाणे ओळीने पडलेले होते. कुंकू लागलेले, त्यामुळे ओळखू आले. पाचांनाही कोंब फुटले होते. हिरवे, नखाएवढे.

पॉलिश केलेला तांदूळ रुजत नाही. कोंब जिथून फुटतो तो भागच गिरणीत निघून गेलेला असतो. ही पिशवी मी सेरंगूनच्या दुकानातून स्वतः आणली होती, पांढरास्वच्छ बासमती. उरलेल्यातले वीस दाणे मी नंतर घरी ओल्या कापसावर ठेवून बघितले. चौथ्या दिवशी ते आंबले.

त्या शनिवारी मात्र व्हॅक्यूम माझ्या हातात चालू होता. नळी दोन इंच पुढे सरकवायची होती, एवढंच.

मी व्हॅक्यूम बंद केला. आर्याची पाण्याची बाटली मागच्या सीटवर होती. बाटलीचं झाकण उघडलं आणि बोटाने प्रत्येक दाण्यावर एकेक थेंब सोडला.

सोमवारी सकाळी मी सीट पुढे घेतली नाही. अकराव्या खाचेत बसले, चवडे ताणून कसेबसे पेडल गाठले, आणि पुंगोलच्या एलआरटी रेल्वेच्या खांबांखालून अगदी हळू गाडी काढली. आरसा छतच दाखवत होता. मी गायला सुरुवात केली. चाल मला माहीत नव्हती. वर गेले, आणि खाली आलेच नाही.

मागून आर्या हसली. ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्या महिन्यात मी फार सुखात होते, हे मान्य करायला हवं. आर्या स्टुडंट केअरच्या दारातून धावत यायला लागली. प्रबोध लवकर घरी यायचा, ओट्याशी उभा राहून ऑफिसातले किस्से सांगायचा. एकदा म्हणाला, "अशू, तू हल्ली वेगळीच दिसतेस गं."

"म्हणजे कशी?"

"काय माहीत. बघावंसं वाटतं," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. ते हसणं मी आधी ऐकलं होतं. कुणासमोर, तेही मला आठवलं. पुढचं मी आठवू दिलं नाही.

एका रविवारी पोह्यांचा डबा वरच्या फळीवरून मीच काढला. तो नेहमी प्रबोध काढून देतो. फोडणी टाकून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

आमच्या दाराच्या चौकटीवर आर्याच्या वाढदिवसांच्या खुणा आहेत. गेल्या वर्षी तिच्या हट्टापायी मी माझीही केली होती, एकशे छप्पन्न पूर्णांक दोन सेंटीमीटर. मी चौकटीला पाठ लावून उभी राहिले, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, पेन्सिल टेकवली. वळून बघितलं. मग पेन्सिलीची नवी खूण खोडरबराने पुसली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोजलेला आकडा लिहिला नाही.

रुळावरचे कोंब आता बोटभर झाले होते.

बुधवारी मैत्रेयीचा मेसेज आला. गाडी कशी आहे, आर्या कशी आहे, असं विचारून पुढे लिहिलं होतं:

"इथे सगळं छान आहे गं, पण मला काय झालंय कळत नाही. सगळ्या सलवारी पायात यायला लागल्यात. डॉक्टर म्हणतात, काही नाही. गाताही येत नाही, चाल सुचते पण आवाज निघत नाही. हसू नकोस, पण हल्ली चहात साखर वजन करून घालते. आणि रोज संध्याकाळी सहाला जीव घाबरतो, कुणाला तरी आणायला जायचं राहिलंय असं वाटतं. निहार तर समोरच बसलेला असतो. तो म्हणतो, आई, तू बोलत का नाहीस?"

मी तो दोनदा वाचला. उत्तर लिहायला घेतलं. दाणे काढून टाक, असं तिने मला सांगायला हवं होतं, की मी तिला, तेच कळेना. मी फोन बंद केला आणि चावी घेतली. सहा वाजत आले होते.

चौथ्या मजल्यावर गाडी नेहमीच्या जागी होती. मी खाली वाकून बघितलं. फटीत ओल होती, बाकी काही नव्हतं. दाणे नव्हते, कोंब नव्हते. सीट अकराव्या खाचेत होती. मी बसले. तळवे पेडलवर सपाट टेकले, चवडे ताणावे लागले नाहीत.

स्टुडंट केअरच्या दारात आर्या उभी होती. धावत आली नाही. मॅडमने तिला पुढे केलं, तिने मागचं दार स्वतः उघडलं, पट्टा स्वतः लावला.

"डबा संपवलास?"

"हो. थँक यू."

पहिल्या सिग्नलपर्यंत मी थांबले. मग गायला लागले. आवाज इतका स्वच्छ निघाला की शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली घेतली. ओळ वर गेली, आणि आज पहिल्यांदाच, कशी कोण जाणे, खालीही आली.

मागून टाळ्या आल्या नाहीत.

"आंटी," आर्या म्हणाली. इथे मुलं अनोळखी बायकांशी बोलतात तशी, हळू आणि फार नम्रपणे. "माझी आई कधी येणार?"

सिग्नल हिरवा झाला. मी तिला बघायला आरशाकडे हात नेला, आणि मागे घेतला. आरसा न हलवताच त्यात ती नीट दिसत होती.